सहा तारा आणि टोळीचं तेल

१९ नोव्हेंबर १९५६, सोमवार

ही वही कमळाने दिली. म्हणाली, "आजी, वर्गात शिकलेलं विसरून जाशील. रोज चार ओळी लिहीत जा." दोन हिवाळे मी मोठ्या माणसांच्या वर्गाला गेले. गुरुजी सांगायचे, बोलताना मले म्हणा, लिहिताना मला लिहा. म्हणून मी मला लिहिणार. पण कोणी काही बोललं तर ते जसं बोललं तसंच लिहीन, बदललं तर खोटं होईल.

तर मी शकुबाई. वय साठ असेल, बासष्टही असेल. माझा मुलगा दादाजी सिंदेवाहीजवळ आमच्या गावी धान पिकवतो. तिथे सातवीच्या पुढे शाळा नाही, म्हणून त्याची मुलगी कमळा इथे चांद्याच्या हायस्कुलात. तिला भात शिजवून घालायला मी इथे. जटपुऱ्याच्या दरवाज्याबाहेर दोन खोल्या आहेत. तांदूळ छोट्या रेल्वेगाडीने गावाहून येतो. इथल्या दुकानातला तांदूळ मी एकदा आणला होता, शिजल्यावर कुठल्याच वासाचा नव्हता. मांजराने पण पाहून सोडला.

मी सांगणार होते गिटारीचं. तांदळात शिरले.

गेल्या वर्षी कोळशाच्या खाणीतला एक साहेब विलायतेला परत जाताना शाळेला दोन गिटारी देऊन गेला. शिकवायला बल्लारशाहून पिंटो मास्तर येतात, मंगळवारी आणि शुक्रवारी. आधी रेल्वेत तारबाबू होते. पहिल्या वर्षी नऊ पोरं होती. सहा जणांची बोटं दुखली, ती पेटीकडे गेली. उरले तिघे: आमची कमळा, बिरजू आणि रुखमा. आता दुसरं वर्ष लागलं. तीन पोरं, दोन गिटारी. आळीपाळीने घरी आणतात. पण जानेवारीत परीक्षा आहे. त्यात दोघं राहतील, त्यांना गिटार उन्हाळ्यापर्यंत. तिसऱ्याला पेटी.

आज गिटार आमच्याकडे आहे. मी तिला उतरंडीच्या बाजूला पोत्यावर ठेवलं, म्हणजे मांजर चढणार नाही.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

दुसऱ्या वर्षाचं शिकवणं कठीण आहे. पहिल्या वर्षी एकेका तारेवर गाणं वाजवायचं, आणि तीन सोप्या जागा, जिथे दोन-तीन तारा एकदम दाबल्या की सूर मिळून येतात. त्याला मास्तर कॉर्ड म्हणतात. आता पहिल्या बोटाने, एकट्या बोटाने, सहाही तारा एकदम दाबायच्या. आणि बाकीची बोटं पुढे कामाला. मास्तर याला बार म्हणतात.

कमळाने करून दाखवलं. एक तार वाजली, एक नुसती टिकटिक झाली, बाकीच्या मुक्या. तरी मला फार आवडलं. मी म्हटलं, "एक तं बोलली नं." ती म्हणाली, "आजी, साही बोलल्या पाह्यजे."

बोटांची टोकं लालभडक झाली होती. तारा पोलादी आहेत, बाप्पा. जेवण झाल्यावर मी टोळीचं तेल काढलं. टोळी म्हणजे मोहाची बी. गावाहून मी तेलाची बरणी घेऊन आलेली आहे. थंडीत ते तुपासारखं गोठतं, तळहातावर घेऊन ऊब द्यावी लागते. कमळाची दहाही बोटं चोळून दिली. आता रोज देणार.

२७ नोव्हेंबर, मंगळवार

तेल चोळताना गोष्टी निघतात. आज तिला माझ्या लग्नानंतरची सांगितली. पहिल्या दिवाळीला सासूने बायांमध्ये माझा हात धरला, उलटा-सुलटा केला आणि म्हणाली, "हा हात हाये का खवणी?" सगळ्या हसल्या. मी माहेरी धानाचं रोवणं करायची, सिंधीचे दोर वळायची, हात कसा असणार? वर्षभर मी हात पदरात ठेवून फिरले. कमळा म्हणाली, "मंग तू काय म्हणली?" मी काय म्हणणार. मी चौदा वर्षांची होते.

कमळाचे हात मी तसे होऊ देणार नाही.

४ डिसेंबर, मंगळवार

आज मास्तरांनी तिघांची बोटं पाहिली. कमळा सांगत होती. बिरजूचं बोट दाबून म्हणाले, "शाबास, पत्थर." रुखमाचं पाहून म्हणाले, "चलेगा." कमळाचं पाहून म्हणाले, "ये क्या है? मक्खन? पहले थोड़ा घट्टा था, अब किधर गया?"

मला ऐकून बरं वाटलं. लोण्यासारखी म्हणाले. तेलाचा गुण आहे.

कमळा मात्र ताटात भात ठेवून उठली.

११ डिसेंबर, मंगळवार

रुखमाच्या बोटातून रक्त आलं म्हणे. तिची आई देवळाच्या मागे राहते, ओळखीची आहे. बिचारी पोर. मी वाटीभर टोळीचं तेल कमळाजवळ दिलं, म्हटलं तिला नेऊन दे, सांग रोज जेवल्यावर चोळायचं. कमळा वाटी घेऊन जरा वेळ दारात उभी राहिली. "आजी, द्यूच काय?" म्हणाली. मी म्हटलं, "काऊन? ती काय आपली दुश्मन हाये? परीक्षा परीक्षेच्या जागी." मला वाटलं पोरीच्या मनात थोडं आलं असेल. येतं. मग दिलं तिने.

शेजारची गुणाबाई म्हणते आता आपण मुंबई राज्यात गेलो, दीड महिना झाला. मी म्हटलं, मला तर काही हललेलं जाणवलं नाही.

१६ डिसेंबर, रविवार

आज एक पाहिलं. तेल लावून झाल्यावर कमळा मोरीत गेली आणि डाव्या हाताची बोटं राखेने घासत होती. खूप घासली. मी आतून पाहिलं. टोळीच्या तेलाला वास असतो, शाळेतल्या शहराच्या पोरी नाक मुरडत असतील. लाज वाटली असेल. उद्यापासून तेलात दोन लवंगा टाकून ठेवते.

२२ डिसेंबर, शनिवार

दादाजीचं पत्र आलं. मीच वाचलं, सगळं. दादाजी माझ्यापेक्षा वाईट लिहितो. लिहिलं आहे, "माय, कमळाचं गाणं किती दिवस चालणार? मास्तरनं राखली तं राखली. तिसरी आली तं गाणं बंद, निस्ता अभ्यास. पेटीबिटी काही नाई."

वाईट माणूस नाही तो. पोरीला हायस्कुलात पाठवलं म्हणून गावात त्याला बोलतात. एवढं सोसलं, आणखी सोसायला कारण लागतं त्याला.

कमळाला पत्र दाखवलं. तिने दोनदा वाचलं आणि गिटार घेऊन बसली. सहा तारांतल्या दोन बोलल्या. दुपारभर दोनच बोलल्या. मी बाजूला वाटाणे सोलत होते. मी म्हटलं, "दोन झाल्या, आधी एक होती." ती म्हणाली, "आजी, एक महिन्यात एक. अजून चार महिने कुठून आणू?"

गणित बरोबर होतं.

१ जानेवारी १९५७, मंगळवार

मास्तरांनी गिटारीच्या तारा फडक्याने पुसल्या आणि फडकं कमळाला दाखवलं. पिवळं झालं होतं. "तेल किधर से आता है?" विचारलं. ती म्हणाली, माहीत नाही.

हे तिने मला सांगितलं नाही. बिरजूने सांगितलं, तो विहिरीवर भेटला. हसत सांगितलं त्याने. कमळा खोटं कधी बोलत नाही. मला काही कळलं नाही.

८ जानेवारी, मंगळवार

आज लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.

मंगली आली होती. बांबूची सुपं, टोपल्या विकते, लोहाऱ्याकडच्या जंगलातल्या पाड्यातली आहे. संक्रांतीच्या वाणासाठी मला सुपल्या हव्या होत्या. ओट्यावर बसून उरलेल्या एका सुपाची कड बांधत होती. मी तिचा हात पाहिला. बोटं अशी की बांबूचीच वाटावी. मला दया आली. मी आतून तेलाची वाटी आणली, म्हटलं, "घे व मंगली, लाव. टोळीचंच हाये."

मी निखारा पुढे केल्यासारखा तिने हात मागे घेतला. "नाई बाई, आता नाई. सुपं व्हायची हायेत."

"मंग काय झालं?"

"मंग बांबूची कामटी बोट कापते नं. आमच्याकडे नवी सून आली का, ते काम शिकते तेवढे दिवस तिले तेलाले हात लावू देत नाई. भांडेबी घासू देत नाई. पाणी नाई, तेल नाई. सासू भरते पाणी. बोट पक्कं झालं का मंग काय लावायचं ते लाव."

"अन तेल लावलं तं?"

मंगली हसली. "तं रोज नवीच सून."

मी वाटी खाली ठेवली. सुपल्या घेतल्या. मंगली गेली. मी तिथेच ओट्यावर बसून राहिले. चूल विझली होती.

कमळा शाळेतून आली तेव्हा मी विचारलं, "माह्या तेलानं तुयी बोटं कच्ची राह्यली का?"

ती दप्तर ठेवत होती. म्हणाली, "थोडी."

"तुले माहीत होतं?"

"मास्तरनं घट्ट्याचं सांगितलं तवापासून."

"मंग सांगितलं काऊन नाई? राखेनं घासत बसली!"

"तू तेल लावता लावता गोष्ट सांगते नं. तेल बंद केलं असतं तं गोष्टबी बंद झाली असती."

मी बरणीला झाकण लावलं आणि वर, हात पुरणार नाही अशा जागी ठेवली. परीक्षेला सतरा दिवस आहेत.

९ जानेवारी, बुधवार

कमळाला पाण्यात हात घालू द्यायचा नाही. भांडी मी, धुणं मी, विहीर मी. गोष्ट मी भांडी घासताना सांगते, ती कोरड्या हाताने बाजूला बसते.

पण एक राहून गेलं. रुखमाकडे वाटीभर तेल आहे. मीच दिलं. मीच सांगितलं रोज चोळ म्हणून.

जाऊन सांगायला हवं. आज भांडी खूप होती.

१० जानेवारी, गुरुवार

आजही गेले नाही. खरं लिहिते, भांडी नव्हती. चार ताटल्या होत्या.

मनात असं आलं की रुखमा तेल लावते आहे तोवर कमळाला तेवढे दिवस जास्त मिळतात. वाईट आहे हे. अकरा डिसेंबरचं पान उघडून पाहिलं. तिथे मीच कमळाला शिकवलं आहे, परीक्षा परीक्षेच्या जागी. लिहिलेलं असतं ही वहीची मोठी अडचण आहे. बोललेलं असतं तर मी म्हटलं असतं, मी असं बोललेच नाही.

कमळाने विचारलं नाही. पण रात्री मी भात वाढताना ती माझ्याकडे पाहत होती.

११ जानेवारी, शुक्रवार

सकाळीच गेले देवळामागे. रुखमाची आई अंगण शेणाने सारवत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, तेल, बोटं, मंगलीची सून, आणि मी दोन दिवस उशिरा आले तेही. श्वास घेतला नाही.

ती कमरेवर हात ठेवून ऐकत होती. मग म्हणाली, "आजी, ते तेल? अवं माय, त्याचे तं मी त्याच दिवशी वडे केले! कमळानं निस्ती वाटी दिली, मले वाटलं तुमी वानोळा पाठवला. चांगले झालते. रुखमानं सहा खाल्ले."

आतून रुखमा आली, तिने हात पुढे केला. बोटांची टोकं वाळलेल्या सुपारीसारखी.

म्हणजे तिघांत तेल लावलेली एकटी आमचीच. दोन दिवस जिवाला घोर लावला तो फुकट. मी हसत हसत घरी आले, अर्ध्या रस्त्यात हसू थांबलं.

१४ जानेवारी, सोमवार. संक्रांत

हळदीकुंकवाला बाया आल्या. गुणाबाईने सगळ्यांसमोर म्हटलं, "शकुबाई, तुमच्या घरचा कायदा न्याराच दिसून राह्यला. बुढी पाणी भरते अन नात बसून टुंगटुंग वाजवते. लगन झाल्यावर सासूलेच भांडे घासाले लावन काय हे?"

बाया हसल्या. कमळाचे कान लाल झाले. चौदा वर्षांची असताना मी गप्प बसले होते. आज म्हटलं, "लावन तं लावन. तिची सासू भाग्याची. घरात सहा तारांचं गाणं, अन काम कामाच्या जागी."

"बाप्पा, तोंड पाह्य बुढीचं," गुणाबाई म्हणाली, आणि दुसरी सुपली मागून घेतली.

माझ्या बोटांना थंडीने भेगा पडल्या आहेत. तिळगूळ देताना एका बाईच्या नव्या लुगड्याला अडकलं बोट.

कमळाच्या तीन तारा बोलतात.

१९ जानेवारी, शनिवार

मंगली मोठी टोपली द्यायला आली. कमळा आत वाजवत होती, मंगलीने डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "पोरी, तू बोटाच्या गादीनं दाबून राह्यली. गादी दबते, तार नाई दबत. कामटी दाबतानी आमी बोटाची कड लावतो. हे इथी, हाडावर."

तिने आपलं बोट थोडं वळवून टोपलीच्या कडेवर ठेवलं. कमळाने तसंच बोट जरा अंगठ्याच्या बाजूला कलतं केलं आणि हात फिरवला.

पाच. पाच तारा बोलल्या. सहावी खरखरली.

कमळाने गिटारीवरून मान वर केली आणि मंगलीकडे असं पाहिलं की मला थोडा हेवा वाटला. मंगली म्हणाली, "याच्यातून खायले काय भेटते?" मी म्हटलं काही खात नाहीत, नुसतं ऐकतात. तिला ते काही पटलं नाही. तरी जाताना म्हणाली, आणखी एक वेळ वाजव.

२५ जानेवारी, शुक्रवार

परीक्षा झाली. आया-आज्यांना मागच्या बाकावर बसू दिलं. बाक पोरांचे, माझे गुडघे वरच्या फळीला लागत होते.

आधी रुखमा. तिने असं वाजवलं की मास्तरांनी डोळे मिटले. सहाच्या सहा. तिची आई माझ्या बाजूला बसली होती, तिने माझी मांडी इतकी दाबली की अजून दुखते.

मग बिरजू. वेगाने वाजवलं. हात छान फिरतो त्याचा. पण बार आला की दोन तारा मुक्या, तो तिथून पळून पुढे जायचा. मास्तर म्हणाले, "बिरजू, ट्रेन स्टेशनपर रुकती है." त्याने पुन्हा वाजवलं, पुन्हा नाही थांबली.

मग कमळा. मास्तरांनी आधी तिचं बोट धरून दाबलं आणि भुवया वर केल्या. तिने सुरू केलं. हळू वाजवते ती, जशी बोलते. बार आला. बोट कलतं झालं. मी मनात मोजत होते. पाच बोलल्या. सहावी खरखरली, तशीच, शनिवारसारखी.

ती थांबली. मला वाटलं गेलं सगळं. पण तिने तिथेच बोट उचललं, पुन्हा ठेवलं, थोडं आणखी कडेला, आणि पुन्हा वाजवलं. सहाही. मग पुढे गेली.

मास्तर म्हणाले, "ये कड से दबाना किसने सिखाया? मैंने तो अभी सिखाया नहीं."

कमळा म्हणाली, "मंगलीबाईनं."

"कौन मंगलीबाई? किधर बजाती है?"

"वाजवत नाई, सर. सुपं करते."

मास्तरांनी कागदावर काही लिहिलं. घंटा झाल्यावर वाचलं. पहिली रुखमा. दुसरी कमळा, आणि सांगितलं की चूक झाली, पण ती चूक सोडून पळाली नाही म्हणून. तिसरा बिरजू, पेटीला.

बिरजू दार आपटून गेला. विहिरीवर हसला होता तो, तरी मला बरं वाटलं नाही. त्याची बोटं तर सगळ्यांत आधी पक्की झाली होती.

दादाजीला मी स्वतः कार्ड लिहिलं. "दुसरी आली. तिसरी नाई. माय." एवढंच. जागा उरली होती, पण पुढे काय लिहायचं ते सुचलं नाही.

२७ जानेवारी, रविवार

बिरजू काल शाळेत झेंडावंदनालाही आला नाही म्हणे. कमळा म्हणाली, आळीपाळीत त्याला आमच्या गिटारीचा एक दिवस द्यायचा का मास्तरांना विचारते. मी म्हटलं विचार. मास्तर काय म्हणतील माहीत नाही.

आज दुपारी मी भांडी घासून आले तर कमळा स्टूल लावून वरची बरणी काढत होती. मी ओरडले. ती म्हणाली, "माह्यासाठी नाई. बस."

मला ओट्यावर उन्हात बसवलं. माझे हात मांडीवर घेतले आणि तेल लावायला लागली. भेगा झोंबल्या. पण ती एकाच हाताने लावत होती, उजव्या. गोठलेलं तेल एका हाताने वितळत नाही, गोळा इकडून तिकडे पळत होता. डावा हात तिने पाठीमागे धरलेला, कोणी चोरून नेईल असा.

मी म्हटलं, "दुसरा हात कुठी हाये?"

"तो कामावर हाये. त्याले तेल नाई."

चोळून झाल्यावर मी तो डावा हात ओढून पुढे घेतला. उलटा केला, सुलटा केला. टोकांवर बोट फिरवलं. कडक, कोरडी, खरखरीत. चार घट्टे, आणि पहिल्या बोटाच्या कडेला हाडावर एक लांब.

मी सासूसारखी मान वाकडी केली आणि म्हटलं, "हा हात हाये का खवणी?"

कमळाने हात पदरात लपवला नाही. तिने तो माझ्या गालावर घासला. आम्ही दोघी इतक्या हसलो की गुणाबाईने पलीकडून भिंतीवर थापा मारल्या.